ताई, उत्तर द्या : वडील बरे होऊन आले, पण पाडा तोच आहे

प्रश्न : ताई, मी अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर आशा म्हणून काम करते. आम्ही पावरा आदिवासी. माझे वडील दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. पहिल्यांदा परत आले त्याच्या नवव्या दिवशी शेजारी इंदल, म्हणजे आमची रात्रभराची देवपूजा, होती. त्याच रात्री पुन्हा सुरू झालं. आता दुसऱ्यांदा येऊन तीन आठवडे झाले. दिवसभर खाटेवर बसून असतात, कुणाशी बोलत नाहीत. नर्मदेच्या धरणात शेत गेलं तेव्हापासून त्यांचं पिणं वाढलं, असं आई सांगते. ग्रामसभेनं भट्टी बंद केली, तर विकणारा नाल्यापलीकडच्या गावात जाऊन बसला. जुनी माणसं म्हणतात, दारू देवाला लागते, ती सोडली तर आपण पावरा कसले? एका प्रशिक्षणात ऐकलं की अमेरिकेकडच्या आदिवासींची गावंच्या गावं दारूतून बाहेर आली. हे खरं आहे का? त्यांनी नेमकं काय केलं?
– एक आशाताई, अक्राणी

उत्तर : बेटा, खरं आहे. आणि त्याची सुरुवात तुझ्यासारख्याच एका मुलीनं केली, फक्त ती फार लहान होती.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. तिथे अल्कली लेक ही शुस्वाप आदिवासींची वस्ती. १९७० च्या सुमाराला तिथलं जवळजवळ प्रत्येक मोठं माणूस पीत होतं. १९७२ साली फिलिस चेल्सी ही बाई आजीकडे ठेवलेल्या मुलांना घ्यायला गेली. सात वर्षांच्या लेकीनं घरी यायला नकार दिला. तुम्ही दोघं पिता, म्हणून मी येणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. फिलिसनं तेव्हाच दारू सोडली. थोड्या दिवसांनी नवरा अँडी यानंही सोडली. पुढे बराच काळ गावात न पिणारे हे दोघंच, आणि लोक त्यांना टाळायचे. अँडी गावाचा प्रमुख झाला. सरकारी मदतीचे पैसे रोख हातात पडले की थेट दारूत जायचे, म्हणून त्यानं रोखीऐवजी किराण्याच्या चिठ्ठ्या सुरू केल्या. चोरून विकणाऱ्यांना पोलिसांकरवी पकडलं. एकेक माणूस उपचाराला जाऊ लागलं, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ९५ टक्के गाव दारूमुक्त झाल्याचं सांगितलं जाऊ लागलं. बारा-तेरा वर्षं लागली. तुझे तीन आठवडे झालेत, हे लक्षात ठेव.

या सगळ्यातली एक गोष्ट मी कधीच विसरत नाही. माणूस उपचाराला गेला की मागे गावकरी त्याचं घर दुरुस्त करायचे, रंग द्यायचे, मुलं सांभाळायचे. तो परत यायचा तेव्हा घर बदललेलं असायचं आणि हाताला काम तयार असायचं.

माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत आम्ही नेमकं उलट केलं. तो महिनाभर केंद्रात राहून शहाद्याला परतला, तेव्हा पडवीत तीच खाट होती. खाटेच्या डोक्याशी तीच खुंटी, आणि खुंटीला तीच कापडी पिशवी, जिच्यात तो बाटली ठेवायचा. आईनं ती धुऊन, घडी घालून पुन्हा तिथेच टांगलेली. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी तर नर्स. उपकेंद्रात दिवसभर लोकांना समजावून घरी यायचे, आणि त्या पिशवीखालून चहाचा कप त्याच्या हातात द्यायचे. सातव्या आठवड्यात एका हळदीला तो पुन्हा प्यायला. सगळे म्हणाले, याच्यात दमच नाही. दीड वर्षानं गेला. ती पिशवी मी त्याच्या दहाव्याला खाली काढली.

अमेरिकेत मोहिकन समाजाचे डॉन कॉयहिस यांनी १९८८ साली 'व्हाइट बायसन' ही संस्था काढली. आदिवासी समाजांमध्ये व्यसनमुक्तीचं काम ती करते. नुसती दारू सुटणं त्यांना पुरेसं वाटत नाही, माणूस मनानं, नात्यांनी आणि आपल्या रीतीभातींसकट सावरायला हवा, असं ते मानतात. समजावताना ते रानाचं उदाहरण देतात. आजारी रानातलं एक झाड उपटून नेलं, चांगल्या मातीत वाढवलं आणि परत त्याच रानात लावलं, तर ते पुन्हा आजारी पडणार. म्हणून औषध रानाला हवं. तुझ्या वडिलांचं इंदलच्या रात्री हेच झालं. दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारू नकोस.

आता तुझ्या पाड्यावर काय करता येईल ते सांगते. तुमच्यात लाह असते ना? एकाच्या शेतावर किंवा घरावर सगळ्यांनी मिळून काम करायचं, मजुरी नाही, जेवण घालायचं. ती लाह वडिलांच्या घरावर बोलव. कौलं फेरायची असतील, कूड सारवायचा असेल, काहीही चालेल. निमंत्रण देतानाच सांग की उडदाची डाळ आणि भाकर पोटभर मिळेल, दारू मिळणार नाही. काही जण येणार नाहीत. जे चार येतील ते तुझ्या वडिलांचे खरे सोबती, नावं लिहून ठेव. आणि वडिलांना खाटेवर बसवून ठेवू नका. त्यांचं घर आहे, काम कसं करायचं ते त्यांनीच सांगू दे.

दुसरं, होळीत व्रत धरून बावा-बुध्या होणारी माणसं तू दर वर्षी बघतेस. त्या दिवसांत ती खाटेवर झोपत नाहीत, अनवाणी फिरतात. त्यांना कुणी म्हणतं का, 'अरे, आजच्या दिवस झोप खाटेवर, काय होतंय'? कुणी म्हणत नाही. उलट सगळा पाडा त्यांची पाळणूक सांभाळतो. म्हणजे एका माणसाचं व्रत सगळ्यांनी मिळून कसं राखायचं, हे तुम्हाला शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. वडिलांची दारूही तशीच पाळणूक समजा, असं कारभाऱ्याला आणि पुजाऱ्याला जाऊन सांग. पुढच्या इंदलला वडिलांच्या शेजारी रात्रभर कोण बसणार, ते आधी ठरवा. लवकर उठून घरी जायचं झालं तर कुणी हसणार नाही, हेही ठरवा.

देवाचा प्रश्न नाजूक आहे. मी पावरा नाही, त्यामुळे देवाला काय चालतं हे मी सांगणं बरं नव्हे. ते तुमच्या पुजाऱ्यानं सांगावं. पण 'दारू सोडली तर आपण आदिवासी कसले' याला उत्तर तुमच्याच मुलखात आहे. १९२२-२३ मध्ये देवीची लाट आली होती. देवी माणसांच्या अंगात येऊन दारू-ताडी सोडायला सांगायची, आणि डांगापासून पश्चिम खानदेशापर्यंत आदिवासींनी सोडली. पुढे १९३० च्या दशकात तळोद्याजवळ मोरवडला गुलाम महाराज उभे राहिले. ते भिल्लच. आरतीला हजारो माणसं जमायची. दारू सोडा, एकमेकांना 'आप' म्हणून मान द्या, हे त्यांचं सांगणं. सत्तरच्या दशकात शहाद्याच्या भागात अंबरसिंग महाराजांच्या आदिवासी हक्कांच्या चळवळीच्या वेळी भिल्ल बायांनीच गुत्त्यांवर जाऊन दारूची मडकी फोडली. मी तेव्हा चौथीत होते. मडकी फुटलेल्या गल्लीतला तो आंबूस वास मला अजून आठवतो. तिकडे अमेरिकेतही १७९९ साली सेनेका जमातीच्या हँडसम लेक या माणसाला आजारपणात दृष्टांत झाला. तो स्वतः दारूत बुडालेला होता. बरा झाल्यावर आपल्या लोकांना दारू सोडायला सांगत तो गावोगाव फिरला, आणि त्याची शिकवण आजही पाळली जाते. यातलं कुणीही आपली जात सोडून गेलं नाही. वाघदेवाच्या नावानं जमिनीवर चार थेंब पाडणं आणि नंतर हंडा रिकामा करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तुझ्या आजोबांच्या वयाचा माणूस जास्त चांगलं सांगेल. त्यालाच बोलतं कर.

नाल्यापलीकडच्या दुकानाचं दुखणंही तुमचं एकट्याचं नाही. अमेरिकेत पाइन रिज या लाकोटा आदिवासींच्या प्रदेशात दारूबंदी, आणि हद्दीला लागून नेब्रास्का राज्यात व्हाइटक्ले नावाचं पाड्याएवढं गाव. तिथली चार दुकानं वर्षाला ३५ लाखांहून जास्त बिअरचे डबे विकायची. लोकांनी वर्षानुवर्षं धरणी धरली, तेव्हा २०१७ साली राज्यानं परवाने नाकारले आणि दुकानं बंद झाली. तुमच्याकडे काम थोडं सोपं आहे. तुमचा सगळा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांवर बंदी किंवा निर्बंध घालायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय, आणि राज्याचे नियम २०१४ पासून आहेत. नाल्याच्या दोन्ही बाजूंच्या ग्रामसभांनी एकाच आठवड्यात ठराव करावा. प्रत पोलीस ठाण्याला आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाला द्या, पोच घ्या. त्या विकणाऱ्याचं पोट कशावर चालतं तेही विचारा, नाहीतर तो तिसऱ्या गावात जाईल.

आणि शेवटी ते बुडालेलं शेत. अल्कली लेकच्या लोकांची मुलं पिढ्यान्‌पिढ्या मिशनच्या वसतिशाळांत नेली गेली. तिथे आपली भाषा बोलली तरी मार बसायचा, आणखीही वाईट घडलं. दारू सुटल्यावर ते सगळं वर आलं, माणसं रडू लागली, आणि मग त्या दुखण्यावर काम करावं लागलं. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली. तुझे वडील गप्प बसतात तेव्हा कदाचित त्या शेताच्या बांधावरच बसलेले असतात. त्यांना विचार, शेत कुठपर्यंत होतं, मोहाची झाडं किती होती, विहीर कुणी खणली. उत्तर आलं नाही तरी जवळ बस. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.

प्रश्न : ताई, माझे यजमान रोज पितात. नात्यातल्या एका बाईनं गोळ्या आणून दिल्या, म्हणाली, गुपचूप भाजीत घाल, दारू आपोआप सुटेल. घालू का? दुसरं म्हणजे, सासरे म्हणतात, चार दिवस खोलीत कोंडलं की उतरेल.
– एक बहीण, चोपडा तालुका

उत्तर : नका घालू, वहिनी. हात जोडून सांगते. त्या बहुतेक डायसल्फिरामच्या गोळ्या असणार. त्या पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. घेणाऱ्याला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच हे औषध देतात.

कोंडणं तितकंच धोक्याचं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो. दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भलतंच बोलायला लागला, नसलेली माणसं दिसायला लागली, ताप चढला, तर बाहेरचं काही लागलं म्हणून भगताकडे वेळ घालवू नका, सरळ सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टर झोपेचं, फिट थांबवायचं औषध आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, आणि हेच दिवस सुखरूप पार पडतात. आज १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत सरकारी नंबरावर फोन करा. तुमची स्वतःची झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ वर रात्रीसुद्धा माणूस बोलतं.

प्रश्न : आमच्या गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायला बायका तयार आहेत. मतदान कसं मागायचं?
– एक शिक्षक, शिरपूर तालुका

उत्तर : सर, गावातल्या महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींच्या सह्यांचं निवेदन द्या. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते, दुकान बंद करायचं तर आडवीवर शिक्का. मात्र आलेल्या मतांचं नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींचं मत आडव्या बाटलीला पडावं लागतं. आपल्याकडे घोळ इथेच होतो. दिवाळीनंतर अर्ध्या बाया ऊसतोडीला, नाहीतर सुरतेकडे गेलेल्या असतात, आणि न आलेली प्रत्येक बाई हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूनं जाते. म्हणून तारीख होळीनंतर, माणसं गावात असताना मागा, आणि त्याआधी यादीतून मयत व लग्न होऊन गेलेल्यांची नावं कमी करून घ्या. हातभट्टीसाठी मात्र मतदानाची वाट बघू नका. ती १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं आधीच गुन्हा आहे, थेट तक्रार द्या.