जाकोसावर लिहिताय? आधी बोअर मोजा

तुमची पोस्ट वाचून हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. दारात आजोबांची १९६७ ची फियाट डिलाइट, तिचा कर्ता, फियाटचा इटालियन इंजिनिअर दान्ते जाकोसा याच्यावर लेख लिहायचाय, त्याच निमित्ताने इंजिनही उघडायचंय, आणि परदेशातल्या एका दुकानाच्या यादीत '११००डी' नावाचा पिस्टन सेट दिसलाय. मागवू का?

नका मागवू. बारा वर्षांपूर्वी मला हाच प्रश्न पडला होता, फरक इतकाच की मी कुणाला विचारलं नाही.

रोममधला जन्म, तोरिनोतलं इंजिनिअरिंग, १९२८ मध्ये फियाटमध्ये लागणं, हे तुम्ही काढलंच असेल, त्यात शिरत नाही. (आणि मी इंजिनिअर नाही, बँकेतून निवृत्त झालोय. हेही ध्यानात ठेवा.)

घोळ कुठे होतो ते सांगतो. 'डिझायनर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पत्र्याचे वळसे काढणारा माणूस येतो. जाकोसा आधी पत्र्याखालचा माणूस. १९३६ च्या तोपोलिनोत, म्हणजे फियाटच्या छोट्या गाडीत, ५६९ सीसीचं चिमुकलं इंजिन पार पुढे आणि रेडिएटर त्याच्या मागे ठेवला, म्हणून नाक उतरतं झालं आणि माणसांना पाय पसरायला जागा मिळाली. आकार मांडणीतून आला. दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, फियाटची ५०८सी आली: १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर). हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हेच इंजिन घेऊन १९४६ मध्ये त्याची चिसितालिया डी४६ ही एकट्याने बसायची रेसगाडी धावली. हीच मापं १९५३ च्या ११००-१०३ मध्ये, म्हणजे आपल्या 'डुक्कर फियाट'मध्ये. हीच तुमच्या डिलाइटमध्ये, आणि पुढे पद्मिनी होऊन काळ्यापिवळ्या टॅक्सीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून २००० च्या आसपास शेवटच्या पद्मिनी निघाल्या, तेव्हा त्या मापांना साठ वर्षं उलटून गेली होती.

आता माझं शहाणपण ऐका. मी तेव्हा नुकताच जाकोसा 'वाचलेला' होतो. इटलीत १९६२ ला ११००डी आली, तीच आपल्याकडे १९६४ ला डिलाइट झाली, इतकं पाठ. मग पिस्टनही तेच, नाही का? चार पिस्टन, रिंगा, पिना, सगळा संच मागवला. आमच्या मिस्त्रीने खोकं उघडलं, एक पिस्टन तळहातावर तोलला आणि म्हणाला, "साहेब, वाचून झालं असेल तर मोजायला व्हर्नियर आणतो." ७२ मिलिमीटर! तिकडच्या ११००डीचं इंजिन बोअर वाढवून १२२१ सीसी केलेलं. आपल्याकडे अंगडं नवं आलं, इंजिन १०८९ चंच राहिलं. नाव एक, गाडी दिसायला एक, पिस्टन चार मिलिमीटर मोठा. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा ठोकळा, कोरून मोठा करून बसवू का, असंही मी विचारून पाहिलं. मिस्त्रीने उत्तरच दिलं नाही, चहा मागवला.

पिस्टनच्या किमतीचं फार वाटलं नाही. माल परत पाठवायला गेलो आणि ज्या कचेरीच्या पायऱ्या चढलो तिने खरं दमवलं. नाव घेत नाही. पहिल्या खिडकीवर सांगितलं, माल वापरलेला नाही याचा दाखला आणा. कोण देणार? ते दुसऱ्या खिडकीवर. दुसऱ्या खिडकीचे साहेब रजेवर. आले तेव्हा म्हणाले, अर्जात 'जुन्या गाडीचे सुटे भाग' लिहिलंय, म्हणजे भाग जुने. मी म्हटलं, गाडी जुनी, भाग नवे. ते म्हणाले, तसं लिहून द्या. दिलं, तर अर्ज पुन्हा पहिल्या खिडकीवर. अडीच महिने. तेवढ्यात दुकानदाराची परतीची मुदत संपली आणि भरलेली ड्यूटीही गेली ती गेलीच. आजही त्या रस्त्याने जाताना मी दुसरीकडे बघतो. असो, विषय जाकोसाचा आहे.

तेव्हा ब्लॉकवरचा नंबर वाचा, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उतरवा, बोअर मोजा, मगच खिशाला हात. ६८ चा स्टँडर्ड किंवा ओव्हरसाइज (झिजलेल्या बोअरसाठी किंचित मोठा) पिस्टन नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून निघू शकतो, निदान मला निघाला. 

लेखाबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. सगळे १९५७ च्या फियाट ५०० वर भरभरून लिहितात. गाडी गोड आहे, मागे दोन सिलिंडरचं हवेने थंड होणारं ४७९ सीसी इंजिन, १९५९ चं कोम्पासो दोरो हे इटलीतलं डिझाइनचं पारितोषिकही तिच्यासाठीच. पण माझ्या मते जाकोसाचं मोठं काम १९६४ ची प्रिमुला, आउतोबियांकी या फियाटशी जोडलेल्या कंपनीची गाडी. इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच रेषेत शेजारी, चाकांना फिरवणारे दोन दांडे (ड्राइव्हशाफ्ट) कमीजास्त लांबीचे, इंजिन फिरवतं ती चाकं पुढची. आडवं इंजिन त्याच्या आधीही होतं, इंग्लंडमधल्या अॅलेक इसिगोनिसने आखलेल्या मिनी गाडीत तर गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच तेलात. पण मिनीचा मार्ग पुढे फारसा कुणी धरला नाही, प्रिमुलाचा जगाने धरला. फियाटने जोखीम आधी आउतोबियांकीच्या नावावर घेतली आणि १९६९ मध्ये तीच मांडणी स्वतःच्या १२८ मध्ये आणली. पुढच्याच वर्षी जाकोसा निवृत्त झाला.

आता आपल्याकडची गंमत बघा. पद्मिनीचा बाजार उठवला मारुती ८०० ने. तिचं बॉनेट उघडा: इंजिन आडवं, गिअरबॉक्स शेजारी, इंजिन फिरवतं ती चाकं पुढची. मारुतीने थेट कुणाकडून उचललं असं मी म्हणत नाही, पण म्हाताऱ्या जाकोसाची जुनी गाडी त्याच्याच नंतरच्या कल्पनेसमोर हरली असं मला वाटतं. तुमच्या लेखात हे आलं तर मला आवडेल. नाही आलं तरी भांडणार नाही.

ते चार पिस्टन माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात आहेत. तुमच्या ६८ च्या शेजारी ठेवून फोटो काढायचा असेल तर एक घेऊन जा. टपालाने मात्र पाठवणार नाही.