पेशंटचे पाय बघितले का?

चि. डॉक्टरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सीडी काल रात्री जेवणं आटोपल्यावर लावली. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर असलेला पोरगा, वय चोवीस, मानेत आणि छातीत गाठी. इमेजेस स्वच्छ आल्यात. पहिल्याच महिन्यात होल बॉडी एमआरआय इतका नीट निघणं सोपं नाही. रिपोर्टातली शेवटची ओळ मात्र खटकली : ‘प्लीहा डिफ्युजनवर चमकते आहे, सबब स्टेज तीन.’ अगं, प्लीहा चमकणारच. तुझी-माझीही चमकेल.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजाराच्या बाजूला कधी अडकली आहेस? पाऊल टाकायला जागा नसते. दाटीवाटीनं बसलेल्या पेशींमध्ये पाण्याच्या रेणूंचं तेच होतं, आणि एमआरआयमधलं डिफ्युजन ही कोंडीच टिपतं. लिम्फोमात पेशी खच्चून भरलेल्या, म्हणून तो उठून दिसतो. पण प्लीहा, टॉन्सिल, साध्या लसिकाग्रंथी यांच्यात दाटी मुळातलीच. जपानच्या ताकाहारा या रेडिओलॉजिस्टनी 2004 मध्ये, पेशंटला दम धरायला न लावता, मागचा चरबीचा सिग्नल दाबून सगळं अंग टिपायची पद्धत मांडली. त्या इमेजचे काळे-पांढरे रंग उलटे केले की ती थेट पेट स्कॅनसारखी दिसते, आणि आपण फसतो ते तिथंच. पेट साखर खाणाऱ्या पेशी दाखवतं, आपलं मशीन दाटी दाखवतं. म्हणून प्लीहेला मोजपट्टी लाव. लिम्फोमाची स्टेज ठरवायच्या 2014 च्या लुगानो निकषांत 13 सेंटिमीटरच्या वर गेली तर ती मोठी. या पोराची साडेदहा, आत वेगळी गाठ एकही नाही. ग्रंथीचंही तसंच : लांबीकडून दीड सेंटिमीटरच्या पुढे गेली तर संशय घे, नुसत्या चमकेवर नको.

आता माझी फजिती ऐक. बरीच वर्षं झाली. रावेरकडचा एक शेतमजूर, मानेत हॉजकिनच्या गाठी. डायफ्रामच्या, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याच्या, वर सगळं जुळत होतं. खाली दोन्ही जांघांत ग्रंथी, चांगल्या पावणेदोन सेंटिमीटरच्या, डिफ्युजनवर झगझगीत. मापातही बसत होत्या. मी ठोकून दिलं : डायफ्रामच्या दोन्ही बाजूंना आजार, स्टेज तीन. संध्याकाळी त्याच्या फिजिशियनचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, “पेशंटचे पाय बघितले का?” मी बघितले नव्हते. तो गँट्रीत होता तेव्हा पाय चादरीखाली होते. रात्री-बेरात्री अनवाणी केळीच्या बागेत बारे देणारा माणूस. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचांना रुपया जाईल एवढ्या भेगा, एका घोट्याजवळ पिकलेला काटा. जांघेतली एक गाठ काढून तपासली, नुसती सुजेची निघाली. स्टेज दोन. लवकरच्या स्टेजला एबीव्हीडी या किमोच्या थोड्या सायकल आणि रेडिएशनवर भागतं, तीन-चारला सहा सायकल. माझ्या एका ओळीनं त्या माणसाच्या अंगात किती जादा औषध गेलं असतं, याचा हिशेब मी बरेच दिवस करत होतो. तेव्हापासून टेबलावर घेण्याआधी चादर बाजूला करून पाय बघतो. टेक्निशियन पोरं हसतात, हसू देत.

तू धुळ्यात, म्हणजे तळोदा-अक्कलकुव्याकडचे पेशंट तुझ्याकडे येणार. त्यांचा मणका एमआरआयच्या टी-वन इमेजवर शेजारच्या चकतीपेक्षा काळा दिसला की हात लगेच ‘मॅरोमध्ये (हाडाच्या मज्जेत) आजार’ लिहायला जाईल. थांब. आधी सिकलची तपासणी झाली आहे का विचार. सिकलसेलमध्ये रक्त सतत मोडतं, ते भरून काढायला लाल मज्जा सगळीकडे पसरते, आणि ती सारखी, दोन्ही बाजूंना, अशीच काळी दिसते. किमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली असतील तरी तोच घोळ. ठिकठिकाणी वेगळे डाग असतील तर गोष्ट निराळी; त्या बाबतीत एमआरआय फार पक्का. फुप्फुसातल्या छोट्या गाठींना मात्र तो आंधळा आहे. त्यामुळे छातीचा सीटी सोबत नसेल तर तसं रिपोर्टात लिहायचं. लपवायचं नाही.

बाकी टेबलावरचं. कमरेच्या करदोड्यातला ताईत, पायातले वाळे मागताना घरच्या बाईमाणसाला पुढे कर, स्वतः ओढू नकोस. आणि सगळ्यात आधी विचार, “रात्री किती उशा घेता?” छातीत मोठी गाठ असली की श्वासनळी दबते, असा पेशंट आडवा पडला की गुदमरतो. तीन उशा म्हणाला तर पाऊण तास सपाट झोपवायचा हट्ट करायचा नाही. आधी त्याच्या डॉक्टरांशी बोलायचं.

पेटबद्दल तू विचारलंस. हॉजकिनमध्ये पहिला मान अजून पेट-सीटीचाच. त्यातला फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे तो गावोगावी साठवून ठेवता येत नाही, आणि आपली माणसं भुसावळहून रात्रीची गाडी धरून मुंबई गाठतात. ज्याला जाणं जमतंय त्याला आपल्या मशीनच्या मोहापायी अडवू नकोस. गरोदर बाई असेल, किंवा साखर कमी खाणारा माल्ट लिम्फोमा असेल, तर मात्र बेलाशक आपल्याकडे घे. आणि बायोप्सीशिवाय कुणी मानेच्या गाठीला टीबीची औषधं चालू करून ‘एमआरआयवरून काय वाटतं’ विचारलं, तर सरळ सांग : टीबीची गाठही चमकते, गाठ काढून पॅथॉलॉजीला पाठवा.

तर त्या पोराचा रिपोर्ट बदल. डायफ्रामच्या खाली काही नाही, प्लीहा मापात, स्टेज दोन, छातीचा सीटी व्हायचा आहे. जुन्या रिपोर्टावर ‘सुधारित’ लिही आणि सकाळी त्याच्या डॉक्टरांना स्वतः फोन कर, माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवू नकोस. त्याच्या आईला तू ‘तीन’ म्हणाली असशील, तर तिलाही तूच सांग.

तुझे,
सर