आधी हाताजवळची बटणं बसव

अरे, ऑनलाइन गेममध्ये कीबोर्डची बटणं लावताना पहिल्याच आठवड्यात स्क्रीनभर हॉटबार (स्किलच्या आयकॉनच्या पट्ट्या) मांडून बसू नकोस. लेव्हल वाढेल तसं एकेक स्किल मिळतं, तसतसं बसव.

आधी चालणं सुधार. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मूळ सेटिंगला ए आणि डी पात्राला जागेवर वळवतात; बाजूला सरकायला क्यू आणि ई असतात. वळणं माउसवर सोड आणि ए-डीला सरकणं दे. मग क्यू-ई मोकळी होतात, आणि ती तर बोटाखालचीच! रोजचे वार १ ते ५, क्यू, ई, आर, एफ एवढ्यात बसव. ७ च्या पुढे हात ताणलास की चालणं थांबतं आणि मार बसतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- आयकॉनवर क्लिक करत लढणं. घोड्यावर बसायच्या आयकॉनला चालेल, जीव वाचवणाऱ्या स्किलला नाही.
- एका बैठकीत सगळं बदलणं. दोन-तीन बटणं बदल, हाताला सवय होऊ दे.
- ऑल्ट आणि एफ४ एकत्र वापरणं. गेमच बंद होईल, बाबा.

चवथीला मडगावला मावसभावाच्या पीसीवर फायनल फँटसी १४ खेळणार असशील, तर निघण्यापूर्वी सेटिंगचा सर्व्हरवर बॅकअप घे. सेटिंग एरवी आपल्याच पीसीवर साठते. मॅक्रोचं (एका बटणावर अनेक कमांड बसवण्याचं) चवथ झाल्यावर विचार.