बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलीला कॉलेजसाठी दरमहा पैसे दिले तर पुरेसं आहे का?

नाही, पुरेसं नाही. पैसे द्याच, पण त्याआधी तिच्या वसतिगृहाच्या फॉर्मवर ‘स्थानिक पालक’ म्हणून तुमचं नाव आणि मोबाईल नंबर जाऊ द्या.

तुम्ही लिहिलंय की मुलगी सोलापूरकडच्या बालगृहात वाढली, बारावी झाली, आता पुण्यात बी. फार्मसीला प्रवेश घेतेय. तुम्ही दोघं निवृत्त आहात, दरमहा काही रक्कम पाठवायचं ठरवलंय, आणि हे कधीपर्यंत करावं लागेल असंही विचारलंय. मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात बरीच वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. इतर मुलांच्या मागे बाप फाईल घेऊन उभा असायचा. ही मुलं एकटी यायची, बहुतेकदा शेवटच्या तारखेला, आणि एखादा कागद कमी आहे म्हटलं की न भांडता परत जायची. ते न भांडणं मला फार टोचायचं.

अडचण सुरू होते ती वाढदिवसापासून. आपल्याकडे बारावीच्या आसपासच १८ पूर्ण होतात आणि बालगृहातला मुक्काम तिथे संपतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये त्यापुढच्या मदतीची तरतूद आहे. सरकारी भाषेत तिला अनुरक्षण म्हणतात. ती २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत मिळू शकते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. पण हे कुणी घरी आणून देत नाही. बालगृहाचे अधीक्षक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती यांच्यात कागद फिरावा लागतो, आणि मुलगी एकदा गाव सोडून आली की तिची फाईल एका जिल्ह्यात आणि ती दुसऱ्या. तेव्हा तिला बरोबर घेऊन एकदा सोलापूरला जाऊन या. सरकारी ऑफिसात शांतपणे बसून राहायला लागणारा वेळ निवृत्त माणसाकडे असतो. तुमच्या पैशांपेक्षा तो जास्त कामाला येईल.

त्याच फेरीत अनाथ प्रमाणपत्राचं बघा. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे एमपीएससीला बसल्या, पण कुठल्याच प्रवर्गात बसेनात. त्या थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेल्या. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आलं. २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कही अनाथ मुलामुलींना पूर्ण माफ झालं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा, प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात.

मात्र बालगृहातलं प्रत्येक मूल अनाथ नसतं. आई आहे पण सांभाळू शकत नाही, बापाने दुसरं लग्न केलं, कुणी तुरुंगात आहे, अशीही मुलं तिथेच वाढतात आणि त्यांना हे प्रमाणपत्र मिळत नाही. मग उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला असा नेहमीचा रस्ता धरावा लागतो. म्हणजे ज्या बापाने सोडलं, त्याच्याच दारात कागदासाठी जायचं. (याच्यावर कुणीतरी डोकं चालवायला हवं, पण ते आपल्या हातात नाही.) म्हणून तिला ‘आईवडील नाहीत ना?’ असं विचारू नका. ‘कोणकोणते कागद हातात आहेत?’ एवढंच विचारा, बाकीचं ती सांगेल तेव्हा सांगेल.

आता एक बारीक गोष्ट. तिच्या आधारला कोणाचा मोबाईल नंबर जोडलेला आहे? मी पाहिलेल्या कितीतरी मुलांचा तो अधीक्षकांचा किंवा तिथल्या ताईंचा निघायचा. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन शिष्यवृत्तीचा, फॉर्म भरताना ओटीपी सोलापुरात वाजायचा आणि ताई रजेवर असायच्या. तिचं बँक खातंही ती अल्पवयीन असतानाचं, अधीक्षकांच्या सहीचं असेल, तर ते तिच्या एकटीच्या नावावर करून आधारशी जोडून घ्या. आधारवरचं, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर एक आहे का तेही बघा. संस्थेत वाढलेल्या मुलांच्या मधल्या नावाचा आणि आडनावाचा घोळ असतोच असतो.

पैशांचं म्हणाल तर फी माफ झाली तरी जून ते दिवाळी हा काळ कडकीचा. वसतिगृहाची अनामत, मेसचं आगाऊ बिल, प्रयोगशाळेचा पांढरा कोट, पुस्तकं, गादी, बादली हे सगळं एकदम येतं आणि सरकारी रक्कम सावकाश येते. तेव्हा बारा सारखे हप्ते करू नका. सुरुवातीला जास्त द्या, नंतर कमी. रक्कम तिच्या खात्यात जाऊ द्या आणि पावत्या मागू नका. संस्थेत तिने कधी स्वतःचे पैसे खर्च केलेले नसतात. पहिल्या महिन्यात भारी हेडफोन येईल, मैत्रिणींना पार्टी होईल आणि वीस तारखेला खडखडाट. होऊ द्या. आपल्या मुलांचंही असंच झालं होतं, फक्त त्यांना घरी फोन करता येत होता.

मुख्य मुद्दा दिवाळीचा. वसतिगृह रिकामं होतं, मेस बंद होते, आणि ‘तू कधी निघणार?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानावर येतो. काही मुली मैत्रिणीच्या घरी जातात आणि चौथ्या दिवसापासून अवघडतात. काही खोटंच सांगतात की मामा न्यायला येणार आहे. तुम्ही सप्टेंबरमध्येच सांगून टाका की दिवाळीला इकडेच ये. एक कपाटाचा खण रिकामा करून द्या आणि तो तिचाच राहू द्या, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा विचारायला लागणार नाही. पाहुण्यांसमोर ‘ही आमची बालगृहातली मुलगी’ अशी ओळख करून देऊ नका. कॉलेजात कुणाला काय सांगायचं तेही तिचं तिला ठरवू द्या. आणि फराळाचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे काकूंनाही सांगून ठेवा.

खोली निवडताना एकटीची घेऊ नका. जन्मभर हॉलमध्ये वीस-पंचवीस जणींत झोपलेल्या मुलीला ती शांतता खायला उठते. धाकटं भावंड अजून बालगृहात असेल तर तिच्या खर्चात तिकडच्या एसटीचं भाडं धरा, कारण ती जेवण कमी करून जाईल पण जाईल. आणि १८ पूर्ण झाले की इतकी वर्षं न फिरकलेले नातेवाईक स्थळ घेऊन उगवतात. संस्थेतही लग्न लावून दिलं की मुलगी मार्गी लागली असं मानणारे आहेत. अशा वेळी तुम्ही नकार देऊ नका, तो तिलाच देऊ द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा.

कधीपर्यंत, याचं उत्तर सरळ हिशेबाचं आहे. फार्मसीची पदवी चार वर्षांची, म्हणजे ती २२ व्या वर्षी संपणार, आणि अनुरक्षण साधारणपणे २१ लाच थांबतं. पुढच्या दोन वर्षांची मुदतवाढ मागायचा अर्ज तिसऱ्या वर्षीच करायला सांगा, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या धांदलीत ते राहून जातं. नोकरी लागल्यावरही पहिला पगार हातात येण्याआधी भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरावं लागतं. त्यासाठी पोस्टात तिच्या नावाने एक आवर्ती ठेव आत्ताच सुरू करा आणि पासबुक तिच्याकडेच द्या.