वाचक विचारतात: जुनी ऑडी, घरचा पाना आणि शहाबादी फरशी

या खेपेला बोलेरो-स्विफ्टचे प्रश्न कमी आणि जुन्या मोठ्या गाड्यांचेच जास्त आलेत. पुण्या-मुंबईत वापरलेली ऑडी नव्या क्रेटाच्या भावात दारात येते, सगळी गल्ली बघायला येते, आणि पहिल्या सर्व्हिसचं एस्टिमेट हातात पडलं की मालकाला घाम फुटतो. गाडी स्वस्त झाली तरी तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत, हे विकणारा कशाला सांगेल! पाच प्रश्न घेतलेत, त्यातले चार क्यू सेव्हनचे आहेत.

प्रश्न: सर, २०१३ ची ऑडी क्यू सेव्हन ३.० टीडीआय घेतलीय, १ लाख १० हजार किमी पळालीय. सर्व्हिसला पुण्याला नेतो, म्हणजे जाऊन-येऊन ५०० किमी आणि अख्खा दिवस गेला. ऑइल आणि फिल्टर घरीच बदलावं म्हणतोय, मेव्हण्याकडं पान्यांचा सेट आहे. जमेल का? (जुळे सोलापूर)

उत्तर: जमेल की. पण पान्याच्या आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारं यंत्र) घ्या, आणि साधा ओबीडीवाला (नुसते इंजिनाचे फॉल्ट वाचणारा) नको, ऑडी-फोक्सवॅगनचे सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे छोटे कॉम्प्युटर, वाचणारा घ्या, व्हीसीडीएस किंवा त्या तोडीचा. या गाडीत काय बिघडलंय ते कानाला कळायच्या आधी कॉम्प्युटरला कळलेलं असतं. पहिल्या दिवशी सगळे फॉल्ट वाचून त्यांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढं काही नवीन आलं तर ते जुनं की तुमच्या हातून झालेलं, हा वाद राहत नाही.

आता गाडी उचलायची. वजन सव्वादोन टनाच्या वर आहे, आणि आपल्याकडं पार्किंगला निम्म्या घरांत शहाबादी फरशी असते. त्या फरशीवर ट्रॉली जॅक लावला की सगळा भार चार छोट्या चाकांवर येतो आणि फरशी कडकन फुटते, जॅक तिरका होतो. खाली जाड प्लायवूडचा तुकडा टाका. नुसत्या जॅकवर ठेवून गाडीखाली कधीच जायचं नाही, दोन्हीकडं दणकट घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, मागच्या चाकांना दगड नाहीतर ओंडका. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी बॅगा) असेल तर आधी स्क्रीनवर कारच्या मेनूत जाऊन जॅक मोड चालू करा, नाहीतर तुम्ही गाडी उचलताय आणि गाडी आपली स्वतःच लेव्हल करत बसलीय असा प्रकार होतो.

ऑइल आठ लिटरच्या आसपास लागतं. डब्यावर ‘पूर्णपणे सिंथेटिक’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, व्हीडब्ल्यू ५०७ ०० हे अप्रूव्हल लिहिलेलं बघा. हे कमी राखेचं ऑइल असतं, दुसरं भरलं तर राख डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठत जाते आणि त्या पार्टचं बिल बघवणार नाही. फिल्टर वरनंच निघतो, इंजिनाच्या दोन बाजूंच्या मधल्या खोबणीत, टोपणाच्या आत कागदी. आधी टोपण ढिलं करा, म्हणजे हाउसिंगमधलं ऑइल खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या टाकीत) उतरतं, आणि मगच ड्रेन बोल्ट काढा. टोपणाचं रबर नवीन, त्याला बोटानं थोडं ऑइल लावून. ड्रेन बोल्टही नवीनच घ्या आणि टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं) आवळा. मेव्हण्याचा हात ट्रॅक्टरवर बसलेला असेल तर त्याला बोल्ट आवळू देऊ नका, एकदा आटे गेले की शंभर-दोनशेचं काम हजारांत जातं.

इंजिन कोमट असताना करा, मे महिन्यात सकाळी सात-साडेसातलाच, नंतर आपल्या ४३ डिग्रीत फरशीवर पाठ टेकवत नाही. कंपनी १५ हजारावर बदला म्हणते, मी १० हजार म्हणेन. धुळीमुळं एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर तर त्याच्याही आधी बघा, विशेषतः एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याबाहेर गाडी लावत असाल तर. काळं ऑइल गटारात ओतू नका, ओळखीच्या गॅरेजच्या बॅरलमध्ये द्या.

आणि चाकाच्या बोल्टांत एक चोर-बोल्ट असतो, त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. सेकंडहँड गाडीत नेमका तोच हरवलेला असतो. आज संध्याकाळीच डिकीत शोधा, तुळजापूरच्या घाटात पंक्चर झाल्यावर नको.

प्रश्न: काका, माझी पण क्यू सेव्हन आहे. सकाळी पुढची डावी बाजू बसलेली असते, स्टार्ट केली की घुर्र करत वर येते. गॅरेजवाला म्हणतो एअर काढून टाका, साधे स्प्रिंग बसवू, कटकट मिटेल. (विजापूर रोड)

उत्तर: कटकट त्याची मिटेल. तुमची गाडी वर-खाली व्हायची बंद होईल, डॅशबोर्डवर लाइट राहील नाहीतर तो कोडिंग करून घालवावा लागेल, आणि विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच विचारेल. आधी गळती शोधा, ते काम फुकटचं आहे. रात्री गाडी लावल्यावर चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घ्या, कागदावर लिहा, सकाळी दार उघडायच्या आधी परत घ्या. एकच कोपरा उतरला तर त्याच बाजूची बॅग, नाहीतर तिची नळी. एकापेक्षा जास्त उतरले तर व्हॉल्व्ह ब्लॉककडं (बॅगांना हवा वाटणाऱ्या पार्टकडं) संशय जातो. मग गाडी वरच्या लेव्हलला घेऊन, भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीतनं बॅगच्या घडीवर आणि वरच्या नळीच्या जॉइंटवर मारा. ऊन आणि धुळीनं रबर बहुतेक घडीवरच चिरतं, तिथं बारीक फेस फुगायला लागतो. हे करताना हात चाक आणि मडगार्डच्या मध्ये घालायचा नाही, गाडी अचानक बसते.

हे लवकर करा, कारण बॅग गळत असताना कॉम्प्रेसर रोज जास्त वेळ चालतो आणि शेवटी जळतो, म्हणजे एका बॅगेचा खर्च दोन पार्टचा होतो. बॅग बदलताना कॉम्प्रेसरचा रिलेही बदला, स्वस्त आहे, आणि चिकटला तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही. बॅग स्वतः बदलू नका मात्र. आधी स्कॅनरनं हवा सोडावी लागते, नंतर उंचीचं कॅलिब्रेशन करावं लागतं, ज्यानं हे आधी केलंय त्यालाच द्या.

प्रश्न: बीएमडब्ल्यू एक्स फाइव्हला इन्व्हर्टरवाल्याकडनं बॅटरी बसवली, दीडपट स्वस्त पडली. काही होणार नाही ना? (होटगी रोड)

उत्तर: एजीएम (काचेच्या तंतूंच्या गादीत अ‍ॅसिड शोषलेली बॅटरी) नसेल तर बदला. या गाडीची बॅटरी डिकीच्या तळाशी असते, तिचा गॅस बाहेर जायची बारीक नळी नव्या बॅटरीला जोडलीय का ते पण बघा, ती हमखास लोंबत सोडतात. आणि नवी बॅटरी आलीय हे स्कॅनरनं गाडीला कळवावं लागतं, नाहीतर ती जुनीच समजून चार्ज करत राहते आणि नव्या बॅटरीचं आयुष्य कमी होतं.

प्रश्न: क्यू सेव्हनच्या पुढच्या सीटच्या पायाशी पाणी साठतंय. एसीचं पाणी असं एकजण म्हणाला, पण एसी लावत नाही तेव्हाही येतंय. (अक्कलकोट रोड)

उत्तर: पॅनोरामिक सनरूफ असेल तर पहिला संशय त्याच्या ड्रेनवर. काचेच्या कडेला पन्हळ असते, तिच्या कोपऱ्यांतनं नळ्या खांबांमधून खाली जातात. आपल्याकडं आठ-नऊ महिने नुसती धूळ बसते, मग एक वळिवाचा पाऊस आला की तिचा चिखल होऊन भोक बुजतं आणि पाणी आत उतरतं. सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यात हळूहळू अर्धा तांब्या पाणी ओता आणि गाडीखाली वाकून बघा. पाणी तिथंच तुंबलं तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी, टोक लायटरनं गोल करून, हलक्या हातानं आत सरकवा. हवेचा प्रेशर मारू नका, आतला नळीचा जोड सुटला तर छताचं अस्तर खाली काढावं लागतं. कार्पेट वरनं कोरडं लागलं तरी खालचा फोम भिजलेला असतो, तो उचलून वाळवा. या मॉडेलची बॅटरी पुढच्या सीटखाली असते, आणि वायरिंगही तिथनंच जातं.

प्रश्न: थंड इंजिन स्टार्ट केलं की दोन-तीन सेकंद खडखड येते, मग गप्प. युट्यूब बघून चेन टेन्शनर (टायमिंग चेन ताठ ठेवणारा पार्ट) घरी करू का? गाडी क्यू सेव्हन ३.०. (सात रस्ता)

उत्तर: नाही. या इंजिनात टायमिंग चेन मागं, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, तिथं पोचायलाच गिअरबॉक्स नाहीतर इंजिन खाली घ्यावं लागतं. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट करतानाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, बॉनेट उघडं ठेवून, आणि दोन ठिकाणी दाखवून लेखी एस्टिमेट घ्या. तोवर ऑइल लेव्हल बघत राहा आणि थंड इंजिन रेस करू नका.