त्या तारखेला तुम्ही कुठे होतात?

‘नोकरी गेली, म्हणजे मीच कुठेतरी कमी पडलो ना?’ समुपदेशनात हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. त्यातली एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तो मूळचा सांगलीचा, वय 36, राहायला अमेरिकेत, ओरेगनमधल्या हिल्सबरोला. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीची नवी चिप आधी जिथे घडते, ते हे गाव. हा मात्र इंटेलचा नव्हे, चिपच्या कारखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीतला. जुलै 2025 मध्ये इंटेलने ओरेगनमधल्या सुमारे 2,400 लोकांची कपात जाहीर केली. पंधरा दिवसांत याच्या कंपनीनेही त्याच्या टीमला नारळ दिला.

पुण्यात रात्रीचे आठ, म्हणजे त्याच्याकडे सकाळचे साडेसात. स्क्रीनवर तो गाडीत बसलेला असायचा, शेजारच्या सीटवर डबा. बायकोला सगळं माहीत होतं. पाच वर्षांच्या मुलीला आणि सांगलीच्या आईबाबांना काहीच नाही. म्हणून रोज इस्त्रीचा शर्ट घालून वाचनालयाच्या पार्किंगमध्ये.

पहिल्याच सत्रात मी घाई केली. ‘यात तुमचा दोष नाही,’ असं सांगून टाकलं. तो चिडला. ‘मॅडम, दोष माझा असेल तर पुढच्या वेळी सुधारता येईल. नसेलच, तर मी करू काय?’ बरोबर होतं त्याचं. दोष स्वतःकडे घेतला की निदान काहीतरी आपल्या हातात आहे असं वाटतं.

मग म्हटलं, इंटेलचं कुठे बिनसलं ते मला सालांसकट सांगा, आणि प्रत्येक सालापुढे तेव्हा तुम्ही कुठे होतात ते लिहा. गडी खुलला. इंटेलने पहिल्या आयफोनची चिप बनवायचं काम नाकारलं : ‘सांगली, अकरावी’. 2015, दहा नॅनोमीटरची, म्हणजे आणखी बारीक रेघांची, नवी चिप लांबणीवर. ती मोठ्या प्रमाणात यायला 2019 उजाडलं, तोवर चिप बनवणारी तैवानची कंपनी टीएसएमसी पुढे गेली : ‘एमएस, खोलीवर खिचडी’. 2020, मॅकमध्ये ॲपलची स्वतःची चिप : ‘मुलीचा जन्म’. ऑगस्ट 2024, इंटेलची सुमारे 15,000 जणांची कपात : ‘रात्रपाळी’. चिपवर रेघा उमटवणारी ईयूव्ही यंत्रं इंटेलने उत्पादनात उशिरा आणली, यावर तो दहा मिनिटं बोलला. मला निम्मं कळलं नाही. आवाज मात्र पहिल्यांदाच ताठ होता.

एका सालाभोवती त्याने लाल गोल केला होता. 2022, नोकरीसाठी ॲरिझोनातल्या फिनिक्सला जायची संधी त्याने सोडली, मुलगी लहान म्हणून. हे मात्र त्याने स्वतः ठरवलेलं होतं. ते पुसायच्या फंदात मी पडले नाही. दोन सत्रं आम्ही त्यावरच बोललो.

एच-वन-बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला, नाहीतर देश सोडायला, जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्यातले 29 गेल्यावर त्याने गाडीतूनच घरी फोन लावला. बाबा साखर कारखान्यातून निवृत्त. थकलेले पगार त्यांनी बघितलेले. थोडा वेळ ते गप्प राहिले, मग विचारलं, ‘किती दिवस उरलेत?’

‘एकतीस.’

‘मग तू आत्ता गाडीत काय करतोयस?’

पुढच्या सत्राला त्याच्या मागे स्वयंपाकघर दिसत होतं, आणि फ्रिजवर एकतीस चौकोनांचा कागद.