सांध्यावर इंजिनाचा आवाज का तुटतो?

प्रश्न : माझ्याकडे एचओ प्रमाणाचे (१:८७) अल्को या अमेरिकी कंपनीच्या सेंच्युरी ६२८ चे मॉडेल इंजिन आहे. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनातही अल्कोचेच सोळा सिलिंडरांचे २५१ इंजिन असल्यामुळे, पुणे-मिरज मार्गावर लहानपणी ऐकलेली ती घरघर घरात यावी, या हौसेने मी त्यात आठ पिनांचा ध्वनी डिकोडर (रुळांतून आलेले आदेश ओळखून मोटार, दिवे व आवाज चालवणारी पाटी) बसवला. मात्र सांध्यावरून (रूळ बदलण्याच्या जागेवरून) सावकाश जाताना आवाज तुटतो आणि इंजिन सुरू होतानाचा आवाज पुन्हा पहिल्यापासून वाजतो. वीज क्षणभर तुटली तरी साठा पुरावा म्हणून निळ्या व काळ्या तारेमध्ये कपॅसिटर जोडला तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : काळ्या तारेला कपॅसिटर मुळीच जोडू नये. ती तार डाव्या रुळाकडे जाते, आणि डीसीसी (रुळांतूनच अंकीय आदेश पाठवण्याच्या) पद्धतीत रुळांवरची ध्रुवता सेकंदाला हजारो वेळा उलटत असल्यामुळे कपॅसिटर व डिकोडर दोन्ही जळण्याचा धोका असतो. निळी तार ही डिकोडरची धन बाजू आहे, हे आपले बरोबर. परंतु ऋण बाजू आठ पिनांच्या प्लगमध्ये नसतेच. ती डिकोडरच्या पाटीवर, उत्पादकाच्या आकृतीत दाखवलेल्या जागी डाग देऊन काढावी लागते. हात थरथरत असेल तर त्यासाठी स्वतंत्र तारा दिलेला डिकोडर घेणे शहाणपणाचे.

आता कपॅसिटर किती मोठा हवा? इंजिन ०.२ अँपिअर घेते आणि दाब १४ वरून ८ व्होल्टपर्यंत उतरला तरी ते चालते असे धरले, तर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ०.०३ सेकंद पुरतो. म्हणजे धुळीच्या कणापुरताच. २.७ व्होल्टचे, प्रत्येकी १ फॅरडचे सहा सुपरकपॅसिटर एकापुढे एक जोडले, तर मर्यादा १६.२ व्होल्ट होते आणि तोच हिशेब ५ सेकंदांवर जातो. रुळांवरचा दाब याहून अधिक असेल तर सातवा जोडावा. निळी तार आणि ही माळ यांच्यामध्ये १०० ओहमचा रेझिस्टर व त्याला समांतर, पट्टी निळ्या तारेकडे ठेवून, डायोड बसवावा. त्यामुळे माळ सावकाश, साधारण मिनिटभरात भरते, पण रिकामी होताना अडत नाही. हा रेझिस्टर गाळला, तर रुळांवर वीज येताच बसणाऱ्या धक्क्याने कमांड स्टेशनला (रुळांवर वीज व आदेश सोडणाऱ्या पेटीला) शॉर्टसर्किट झाल्याचा भास होतो.

प्रोग्रॅमिंग रुळावर (डिकोडरची मांडणी वाचण्या-लिहिण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) मात्र हीच माळ आड येते. डिकोडर मोटारीला क्षणभर वीज देऊन, ६० मिलिअँपिअरच्या स्पंदाने उत्तर देतो, आणि भरत असलेल्या कपॅसिटरच्या ओढीत ते हरवते. म्हणून माळेच्या तारेत एक बारीक स्विच ठेवावा. सीव्ही २९ मध्ये (डिकोडरच्या मांडणीच्या २९ क्रमांकाच्या नोंदीत) ६ असल्यास २ लिहून साध्या डीसीवर चालण्याची सोयही बंद करावी, नाहीतर इंजिन उधळू शकते.

अर्थात, हे सारे करण्यापूर्वी चाके पुसून पाहावीत आणि सहाही आसांवरून वीज घेतली जाते का, हे मल्टिमीटरने तपासावे. सहा आसांचे लांब इंजिन एका सांध्यावर अडत असेल, तर मला आधी एखाद्या ट्रकची (चाकांच्या बोगीची) सुटलेली तार आठवते.